तीन गोळ्यांत पंचवीस विड्या कशा भागणार?

पत्र

माझं वय ४४. सोलापुरात पूर्व भागात टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर आहे. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. रोज पंचवीसेक विड्या लागतात. उठल्या उठल्या एक ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही. तापात पडलो तरी सुटत नाही. बायको घरी विड्या वळते, त्यामुळे माल कायम हाताशी. मागच्या श्रावणात सोडली, चार दिवस टिकलो. नंतर मेडिकलमधून निकोटिनच्या चघळायच्या गोळ्या आणल्या, २ च्या. दिवसाला तीन चावल्या. घसा जळला, उचक्या लागल्या, पोटात ढवळलं आणि तलफ तशीच राहिली. पाचव्या दिवशी पुन्हा विडी. सोबतचे म्हणतात तंबाखू-चुना धर, विडी आपोआप सुटेल. बायकोला कुणी सांगितलंय की चहातून गुपचूप द्यायची पावडर मिळते. इंजेक्शन वगैरे असतं का? की माझ्यातच जिद्द नाही? अधूनमधून दम लागतो, त्याच्या गोळ्या चालू आहेत.

— एक यंत्रमाग कामगार

उत्तर

नमस्कार. जिद्दीचं नंतर बघू, आधी हिशेब करू. तुमच्या पत्रात चूक दिसते ती हिशेबात.

२ मि.ग्रॅ.ची एक गोळी नीट चघळली तरी रक्तात साधारण १ मि.ग्रॅ. निकोटिन उतरतं, भराभर चावली तर त्याहून कमी. एका सिगारेटमधून अंगात जाणारं निकोटिनही साधारण १ मि.ग्रॅ.च्या आसपास असतं. विडी त्यापेक्षा कमी देत नाही. ती आकाराने लहान असली तरी पान हवा आत येऊ देत नाही आणि विझू नये म्हणून झुरके जास्त मारावे लागतात. म्हणजे तुमच्या मेंदूला रोज पंचवीसेक मि.ग्रॅ.ची सवय, आणि तुम्ही दिलंत जेमतेम तीन. असं अर्धपोटी ठेवलं तर कुणीही पाचव्या दिवशी परत फिरेल. गोळी कुचकामी नव्हती. ती कमी पडली आणि चुकीची चघळली गेली.

व्यसन किती खोल आहे हे मोजायला जगभर फागरस्ट्रॉम यांची सहा प्रश्नांची चाचणी वापरतात. त्यांनी पहिली प्रश्नावली १९७८ मध्ये केली, सुधारित चाचणी १९९१ ची. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: उठल्यावर पहिली किती वेळात? पाच मिनिटांच्या आत असेल तर ३ गुण. दिवसाला २१ ते ३० असतील तर २. सगळ्यांत जड वाटतं ते सकाळची पहिली सोडणं, याचा १. आजारी पडून अंथरुणात असतानाही ओढता, याचा १. झाले दहापैकी ७. सकाळी जास्त ओढता का आणि बंदी असलेल्या जागी आवरणं जड जातं का, हे दोन प्रश्न तुमच्या पत्रावरून आम्ही शून्य धरले आहेत. तरीही ७ म्हणजे अवलंबन जास्त. अशा माणसाला २ ची गोळी एकटी पुरत नाही.

आता घसा का जळला ते बघा. तंबाखूत चुना का मळतात हे तुम्हाला सांगायला नको. चुन्याशिवाय ती 'लागत' नाही. चुना क्षारधर्मी असतो, त्यामुळे निकोटिन सुटं होतं आणि गालाच्या आतल्या पातळ कातडीतून रक्तात शिरतं. निकोटिनच्या गोळीतही हेच काम करणारा क्षार घातलेला असतो. म्हणून ती गालात ठेवायची असते, चावून गिळायची नसते. च्युइंग गमसारखी चावली की सगळं निकोटिन एकदम लाळेत उतरतं आणि लाळेबरोबर पोटात जातं. तिथून ते यकृतात जाऊन बरंचसं निकामी होतं, डोक्यापर्यंत पोचतच नाही. पण जाता जाता घसा जाळतं, उचकी लावतं, पोट ढवळतं. वरून चहा घेतला असेल तर तोंडाची आम्लता वाढते आणि गालातून जे शिरणार तेही अडतं.

तर रीत अशी. चहा, कॉफी, लिंबू सरबत किंवा कोल्डड्रिंक घेतलं असेल तर चूळ भरा आणि पंधरा मिनिटं थांबा. गोळी तोंडात घ्या आणि सावकाश दहा-पंधरा वेळा चावा. मिरी चावल्यासारखा झणका आला किंवा जीभ चुरचुरली की थांबा. गोळी गाल आणि हिरडीच्या मधे सारून ठेवा, तंबाखूचा बार ठेवतात तशी. मिनिटभराने झणका उतरला की पुन्हा चार-पाच वेळा चावायची आणि दुसऱ्या गालात सारायची. असं अर्धा तास. मग कागदात गुंडाळून टाकून द्या, लहान पोराच्या हाताला लागू देऊ नका. त्या अर्ध्या तासात पाण्याशिवाय काही प्यायचं नाही. उचकी लागली तर समजा चावणं भराभर झालं.

दुसरी गोष्ट वेळेची. विडीचा झुरका दहा-पंधरा सेकंदांत मेंदूत पोचतो, गोळीला वीस-तीस मिनिटं लागतात. तलफ डोक्यात चढल्यावर गोळी शोधायची म्हणजे उशीरच झाला. ती घड्याळावर घ्यायची: पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, दिवसाला आठ-दहा तरी. पुढचे तीन आठवडे दर दोन ते चार तासांनी आणि शेवटचे तीन आठवडे दर चार ते आठ तासांनी. एकूण बारा आठवडे. लोक इथेच चुकतात. तीन आठवड्यांत बरं वाटतं, मग 'गोळीचंच व्यसन लागेल' म्हणून सगळं एकदम बंद करतात आणि महिन्यात पुन्हा विडीवर येतात. गोळीतलं निकोटिन हळू चढतं, म्हणून ते विडीसारखं पकडून ठेवत नाही. आणि धुरातलं डांबर व कार्बन मोनॉक्साइड त्यात नसतं. अंगाचं वाटोळं करतात ते हे दोघे.

तुमच्यासाठी दोन मार्ग आहेत. एक, ४ मि.ग्रॅ.ची गोळी वर सांगितल्या वेळापत्रकाने, दिवसाला पंधराच्या वर नाही. तिच्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी घ्या. दुसरा, आणि आमच्या मते तुम्हाला जास्त लागू पडणारा: अंगाला चिकटवायचा निकोटिन पॅच आणि सोबत २ ची गोळी. पॅच दिवसभर बुडाशी एकसारखं निकोटिन देत राहतो, अचानक येणारी तलफ गोळी सांभाळते. दोन्ही मिळून एकट्या प्रकारापेक्षा जास्त लोकांची सुटते, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. या मार्गात गोळ्या दिवसाला किती, हे चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. खर्च जास्त येईल. झेपत नसेल तर ४ ची गोळी, पण पुरेशा संख्येने. निम्म्या गोळ्या घेऊन काटकसर करणं म्हणजे ते पैसेही पाण्यात.

पॅच २१ मि.ग्रॅ.चा सहा आठवडे, मग १४ चा दोन, मग ७ चा दोन. आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं करून दंडाच्या वरच्या भागात, छातीवर किंवा पाठीवर केस नसलेल्या जागी लावा आणि तळव्याने दहा सेकंद दाबून धरा. तेल, पावडर, मलम लावलेल्या कातडीवर तो धरत नाही. रोज जागा बदला, एकाच जागी आठवडाभर पुन्हा नाही. थोडी खाज, लाली चालते. फोड आले तर बंद करून डॉक्टरांना दाखवा. सोलापूरच्या एप्रिल-मे मध्ये, त्यात मागांच्या शेडमध्ये, घामाने पॅच सुटतो ही खरी अडचण आहे. दंडावर टिकत नसेल तर पाठीवर खांद्याच्या हाडाजवळ घरच्यांकडून लावून घ्या, आणि अंगाला घट्ट नसलेला बनियन घाला. सुटलाच तर नवीन लावा, पण दोन एकदम नको. पाकिटावर 'सकाळी लावा' लिहिलेलं असतं. रातपाळीच्या आठवड्यात तुमची सकाळ म्हणजे तुम्ही उठता ती वेळ. दुपारी चारला उठत असाल तर चारला. झोपेत विचित्र, ठळक स्वप्नं पडू लागली तर झोपताना काढून ठेवा. मग उठल्यावर पहिल्या अर्ध्या तासात गोळी हवीच, कारण नवा पॅच चढायला काही तास घेतो.

छातीत दुखणं, नुकताच हार्ट अटॅक, ठोके चुकणं, यांपैकी काही असेल तर निकोटिनची कुठलीही वस्तू डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मधुमेह असेल तर सुरुवातीला साखर जास्त वेळा तपासा. सुपारी-गुटख्यामुळे तोंड कमी उघडत असेल, दात हलत असतील, तर गोळीपेक्षा पॅच बरा.

तारीख कशी धरायची? हळूहळू कमी करत सोडू, असं बहुतेकांना वाटतं. २०१६ मध्ये इंग्लंडमध्ये ६९७ जणांवर झालेल्या अभ्यासात निम्म्यांनी दोन आठवड्यांत कमी करत आणून सोडलं, निम्म्यांनी ठरल्या दिवशी एकदम. औषधं आणि समुपदेशन दोन्ही गटांना होतं. चार आठवड्यांनी एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के टिकले, हळूहळू सोडणाऱ्यांपैकी ३९ टक्के. तेव्हा एकदमच सोडा, पण दिवसपाळीचा आठवडा सुरू होतो त्या दिवशी. त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि दोन-चार आठवड्यांत ओसरतो. रातपाळी येईपर्यंत सगळ्यात वाईट दिवस मागे पडलेले असतील. हप्त्याचा पगार हातात पडतो तो दिवस टाळा. त्या संध्याकाळी दोस्तमंडळी बसतात आणि ग्लासाबरोबर विडी येतेच. पहिला महिना दारू पूर्ण बंद ठेवा. बहुतेक घसरणी तिथूनच सुरू होतात.

शेडमध्ये सूत आणि कापसाची धूळ असते, म्हणून तुम्ही ओढायला बाहेरच जात असणार. म्हणजे तुमची विडी तासाला बांधलेली आहे, आणि याचा फायदा घेता येतो. बाहेर जायच्या नेहमीच्या वेळेआधी वीस-तीस मिनिटं गोळी गालात ठेवा, माग चालू असतानाच. मग सुट्टीत बाहेर या, पण टपरीच्या दुसऱ्या बाजूला. तलफेची लाट तीन ते पाच मिनिटांची असते. ओढली नाही तरी ती उतरतेच. त्या पाच मिनिटांना तोंडाला काम द्या: भाजलेले शेंगदाणे, बडीशेप, लवंग, किंवा खिशात कडक भाकरीचा तुकडा. कडक भाकरी चावायला वेळ लागतो, हाच तिचा गुण. मात्र खाताना गोळी तोंडात नको.

चहाचं एक गणित फारसं कुणी सांगत नाही. विडीच्या धुरातली डांबरी रसायनं यकृताला कॅफिन लवकर फोडायला लावतात. धूर थांबला की काही दिवसांत हा वेग उतरतो आणि तेवढ्याच कपांतून रक्तातलं कॅफिन जवळपास दुप्पट होतं. मग छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं, चिडचिड. माणसाला वाटतं, विडी सोडल्याचाच त्रास. रातपाळीला सहा कप घेत असाल तर तीनवर या, आणि पहाटे तीननंतर एकही नको.

पोटाबद्दल. निकोटिन आतड्यांना चालना देतं, त्यामुळे पहिल्या विडीने पोट साफ होतं हे खोटं नाही. सोडल्यावर दोन-तीन आठवडे बद्धकोष्ठ होईल, हे धरूनच चाला. सोडण्याच्या चार दिवस आधीपासून रात्री झोपताना दोन चमचे इसबगोल मोठा ग्लासभर पाण्यात घ्या. पाणी कमी पडलं तर इसबगोलच अडून बसतं. उठल्यावर दोन ग्लास कोमट पाणी, मग गालात गोळी, आणि अर्ध्या तासाने चहा. याच क्रमाने. ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी तुमच्या ताटात असेलच, ती वाढवा.

आता घर. वहिनींचं विडीकाम बंद करा असं आम्ही सांगणार नाही. सोलापुरात हजारो घरांची चूल त्यावर पेटते. पण माल उघड्या सुपात पडून राहता कामा नये. वळून झाल्या की घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, तुमच्या नजरेआड. पान-तंबाखूही तसंच. त्या माल मोजूनच देतात, त्यामुळे चार विड्या कमी भरल्या तर त्यांना लगेच कळेल. हे तुमच्या बाजूचं समजा. खरा धोका छाट निघालेल्या, म्हणजे माल घेताना नाकारलेल्या विड्यांचा, कारण त्या कुणी मोजत नाही. त्या ज्या दिवशी निघतील त्याच दिवशी पाण्यात भिजवून टाकायच्या. रातपाळीनंतर तुम्ही दिवसा झोपता तेव्हा त्याच खोलीत तंबाखूचा वास नको. त्या दाराशी किंवा बाहेरच्या बाजूला बसल्या तर त्यांच्याही छातीत धूळ कमी जाईल. वळणारीच्या हातांतून कातडीवाटे निकोटिन अंगात शिरतं, म्हणून पीठ मळण्याआधी साबणाने हात धुणं त्यांनी पाळावं. त्या मिश्री लावत असतील तर तीही तंबाखूच. दोघांनी एकाच तारखेला सोडलेलं चांगलं.

मित्रांच्या सल्ल्याबद्दल: तंबाखू-चुना धरलात तर निकोटिन तसंच राहील आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका पदरात पडेल. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत विडी-सिगारेट ओढणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि बिनधुराची तंबाखू खाणारे २४.४ टक्के. म्हणजे ही वाट आधीच तुडुंब भरलेली आहे. गंमत अशी की तुमच्या चघळायच्या गोळीची, म्हणजे निकोटिन गमची कल्पनाही इथूनच आली. १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये पाणबुडीवरचे नाविक आत ओढता येत नाही म्हणून तोंडात तंबाखू ठेवतात आणि त्यांचं भागतं, हे संशोधकांच्या लक्षात आलं. त्यांनी तंबाखू वगळली आणि निकोटिन तेवढं ठेवलं.

चहातून गुपचूप द्यायची पावडर विसरा. न सांगता दिलेल्या औषधाने विडी सुटते असं कुठेच सिद्ध झालेलं नाही, आणि पुडीत काय आहे हे विकणाराही सांगत नाही. दम्याच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला तर ती मुळीच नको. व्यसन सोडवणारं इंजेक्शन नाही. निकोटिनवरची लस निघाली होती, ती २०११ मध्ये शेवटच्या टप्प्याच्या चाचण्यांत नापास झाली. ई-सिगारेटवर आपल्याकडे २०१९ पासून बंदी आहे.

खरं औषध हवं असेल तर व्हॅरेनिक्लिन आहे. निकोटिन मेंदूत ज्या जागी जाऊन बसतं ती जागा ते अडवतं आणि थोडी चालनाही देतं, त्यामुळे तलफ उतरते आणि ओढलेल्या विडीची मजा जाते. सोडायच्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू करतात: तीन दिवस ०.५ मि.ग्रॅ. एकदा, पुढचे चार दिवस दोनदा, मग १ मि.ग्रॅ. दोनदा, बारा आठवडे. जेवणानंतर ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायचं, नाहीतर मळमळतं. या औषधाने डोकं फिरतं अशी भीती होती. २०१६ च्या आठ हजारांहून जास्त लोकांवरच्या अभ्यासात तसं दिसलं नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्रा बदलते. दुसरं औषध ब्युप्रोपिऑन, ते फिट येणाऱ्याला चालत नाही. दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच.

सोबत बोलणारं कुणी असलं तर औषधाचा गुण वाढतो. राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६ हा मोफत नंबर सिगारेटच्या पाकिटावरही छापलेला असतो. सोडायची तारीख ठरवूनच फोन करा, म्हणजे ते पुढच्या फोनची वेळ ठरवून देतात. शिवाय सिव्हिलमध्ये तंबाखूमुक्तीच्या समुपदेशनाची चौकशी करा.

मधेच एखादी ओढली गेली तर पॅच काढू नका, गोळी थांबवू नका. त्याच दिवशी ती कुठे, कुणाबरोबर, कितव्या तासाला ओढली हे लिहून ठेवा आणि उद्या त्या तासाआधी गोळी गालात ठेवा. एका विडीनंतर 'आता गेलंच' म्हणून अख्खं बंडल संपवणं, यातून जास्त लोक परत जातात.

सोडल्यावर पहिले काही आठवडे खोकला वाढू शकतो, श्वासनलिका साफ होऊ लागते म्हणून. पण दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आधीपासून असेल, किंवा ताप, वजन घटणं, थुंकीत रक्त असेल, तर आधी सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा. टीबीची तपासणी तिथे मोफत आहे.

आणि दमाच्या गोळ्यांचं तारीख धरण्याआधीच करा. त्यात थिओफिलिन असेल तर तेही चहातल्या कॅफिनच्याच वाटेने फुटतं. विडी थांबली की रक्तात साठू लागतं, आणि उलट्या, धडधड, झोप न येणं सुरू होतं. मात्रा कमी करायची का, हे डॉक्टरच ठरवतील. गोळ्यांचं रिकामं पाकीट न्या आणि कुठल्या तारखेपासून विडी बंद करणार ते त्यांना सांगा.